पायजमा जळाला, डॉक्टर झाला

महाराष्ट्रात डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलाला सगळं विचारतात. बारावीला किती? नीटला किती? कॅटेगरी कुठली? डोमिसाइल आहे का? नॉन-क्रिमीलेअर काढलंय का? आणि आवाज खाली आणून, बजेट किती?

‘तुला डॉक्टर का व्हायचंय?’ एवढं मात्र कोणी विचारत नाही.

बरंच आहे म्हणा. विचारलं तर पोरगं आईकडे बघेल.

नीटचा पेपर तीन तासांचा. १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर आलं तर चार, चुकलं तर एक वजा. बेडकाच्या हृदयाला कप्पे किती, हे त्यात येऊ शकतं. माणसाचं हृदय बंद पडल्यावर बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोला काय सांगायचं, हे येत नाही. येणार कसं? त्याला चार पर्याय नसतात ना.

निकाल लागला की मात्र ‘का’चं उत्तर सापडतं. पेपरात फोटो येतो, तोंडात पेढा, बाजूला आईबाबा, मागे क्लासचं फ्लेक्स. ‘गोरगरिबांची सेवा करायची आहे,’ असं पोरगं सांगतं. पुढच्याच वाक्यात सांगतं, ‘रेडिऑलॉजी करायचंय.’

गोरगरिबांना सेवा हवी असते ती बहुधा एमआरआयचीच.

साहेबाच्या देशात कारभार उलटा. तिथं मार्क आणून भागत नाही, आपण डॉक्टरकीला कसे लायक आहोत हे लिहून द्यावं लागतं. ब्रिटनमध्ये त्याला ४,००० अक्षरांची मर्यादा, मधल्या मोकळ्या जागा धरून. अमेरिकेत ५,३००. अमेरिकेत अर्ज पुढे सरकला की प्रत्येक कॉलेज पुन्हा वेगळं विचारतं, ‘आमचंच कॉलेज का?’ पोरांनी पंधरा-वीस कॉलेजांना अर्ज टाकलेला असतो. म्हणजे ‘लहानपणापासून तुमचंच कॉलेज डोळ्यासमोर होतं’ हे पंधरा-वीस जणांना लिहायचं.

फक्त कॉलेजचं नाव बदलायला विसरायचं नाही. काही विसरतात.

या परीक्षेची तयारी न्यू जर्सीतल्या मराठी घरात नववीपासून सुरू होते. अमुक तास हॉस्पिटलात स्वयंसेवा, तमुक तास डॉक्टरांच्या मागे मागे फिरणं, एखादं संशोधन, एखादी स्वतः काढलेली संस्था, जिचं अध्यक्षपद स्वतःकडे आणि सचिवपद धाकट्या बहिणीकडे. उन्हाळ्यात भारतात आलं की काकांच्या दवाखान्यात चार दिवस बसायचं. अर्जात त्याचा होतो ‘ग्रामीण भारतातील आरोग्यसेवेचा प्रत्यक्ष अनुभव’.

काकांचा दवाखाना कोथरूडला असतो.

हे सगळं वाचणाऱ्यांना कळत नाही असं थोडंच आहे? कळतं. २००७ साली ब्रिटनच्या प्रवेशयंत्रणेनं ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीय शाखांकडे आलेले सुमारे ५० हजार अर्ज संगणकाला तपासायला दिले. संगणकानं जे शोधून काढलं त्याला तोड नाही. २३४ उमेदवारांनी लिहिलं होतं की, आठव्या वर्षी खेळण्यातल्या रसायनसंचावर प्रयोग करताना आपला पायजमा जळाला आणि तिथून विज्ञानाची गोडी लागली.

२३४ पायजमे. सगळे आठव्याच वर्षी. आणि ब्रिटनच्या अग्निशमन दलाला पत्ता नाही.

नेटवर नमुना म्हणून ठेवलेल्या एका निबंधात कुणाचा तरी पायजमा जळाला होता, बाकीच्यांनी तो उचलला. १७५ जणांच्या निबंधात आजारी किंवा थकलेले आजोबा होते. ३७० जणांना मानवी शरीराचं कुतूहल एकाच शब्दांत वाटलं होतं. आजोबांचं मला विशेष वाईट वाटतं. नातवाची सीट पक्की व्हावी म्हणून त्या पिढीला किती आजार काढावे लागले!

मग सुधारणा झाली. २०२६च्या प्रवेशापासून ब्रिटननं सलग निबंध बंद करून तीन प्रश्न दिले. हा विषय का, अभ्यासातून तयारी काय झाली, अभ्यासाबाहेर काय केलंत. अक्षरं तेवढीच, ४,०००.

थोडक्यात, पायजमा आता तीन तुकड्यांत जाळायचा.

निबंधाचं हे असं. मुलाखतीचं म्हणाल तर कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं तिचा नवाच प्रकार काढला. एका मोठ्या मुलाखतीऐवजी छोट्या छोट्या दहाएक. मुलानं या खोलीतून त्या खोलीत जायचं. एका खोलीत नैतिक पेच, दुसऱ्या खोलीत रडणारा नातेवाईक. नातेवाईक पगारी नट असतो. प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं, घंटा वाजली की पुढची खोली. कल्पना चांगली होती, एका परीक्षकाच्या लहरीवर सगळं अवलंबून राहत नाही. जगभर पसरली.

तिच्या मागोमाग तिचे क्लास पसरले. रडणाऱ्या माणसाला पाण्याचा ग्लास कितव्या सेकंदाला द्यायचा, मान किती झुकवायची, ‘तुमचं दुःख मी समजू शकतो’ हे कधी म्हणायचं. सहानुभूतीचा क्रॅश कोर्स. पूर्ण फी आगाऊ, सहानुभूती नाही.

आपल्याकडे असं काही नव्हतं असं समजू नका. सेवाग्रामचं महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली निघालं. डॉ. सुशीला नायर यांनी काढलं, ज्या खुद्द गांधीजींच्या डॉक्टर. त्यांची स्वतःची प्रवेशपरीक्षा होती आणि तिच्यात भौतिक, रसायन, जीवशास्त्राच्या जोडीला एक वेगळा पेपर होता, गांधीविचारांचा. डॉक्टर व्हायचंय ना? मग आधी हा माणूस काय म्हणत होता ते वाचून या. आल्यावर पहिले दिवस आश्रमात, अंगावर खादी, बॅचला एक गाव दत्तक.

म्हणजे देशातल्या एका कॉलेजनं तरी ‘का’ विचारलं होतं, तेही आपल्या वर्ध्यात.

त्या पेपराचीही गाइडं निघाली. सत्य, अहिंसा, अपरिग्रह, प्रत्येकी संभाव्य प्रश्न. अपरिग्रहाचं गाइड लोक पैसे देऊन घेत होते. तरीही सांगतो, त्या पेपरासाठी का होईना, दरवर्षी हजारो पोरांनी गांधी उघडला. आता नीट आली. पेपर गेला, गाइड गेलं आणि गांधी पुन्हा नोटेवर गेला. प्रवेशाच्या कामात तो तिथंच जास्त उपयोगी पडतो.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचंही तेच दुखणं. त्यांची निवड म्हणजे लेखी परीक्षेनंतर मुलाखती, गटात काम, मुलाला दोन-तीन दिवस जवळून बघणं. नीट सक्तीची झाल्यावर ते इतके रुसले की २०१७ साली एमबीबीएसच्या १०० जागांपैकी एकच भरली. ९९ बाकं रिकामी. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अल्पसंख्याक संस्था असा, नाहीतर आणखी कोणी, नीट सगळ्यांना. कायद्यानं प्रश्न मिटला.

९९ जागा रिकाम्या ठेवून तत्त्व पाळणारं कॉलेज या देशात होतं, हे सांगूनही आपल्या संस्थाचालकांना पटणार नाही. एका जागेचा भाव माहीत असतो त्यांना.

पण मुलाखत घेणाऱ्यांना तरी खरंच कळतं का हो, डॉक्टर कोण होईल ते?

१९७९ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टन इथं गंमत झाली. तिथल्या सरकारी वैद्यकीय कॉलेजनं नेहमीप्रमाणे सुमारे ८०० उमेदवारांच्या मुलाखती घेतल्या, यादी लावली, वरच्या साडेतीनशेतून १५० जागा भरल्या. खेळ संपला. तेवढ्यात विधिमंडळानं फर्मान काढलं, आणखी ५० घ्या. आता शोधायचं कुठं? चांगली पोरं दुसरीकडे गेलेली. उरलेली होती ती यादीच्या तळाची, ७००च्या पुढची. ज्यांच्याकडे बघून तज्ज्ञांनी नाक मुरडलं होतं ती. नाइलाजानं तीच घेतली.

पुढं काय झालं?

काहीच झालं नाही. हीच तर बातमी. तळाचे ५० आणि वरचे १५० यांच्यात फरकच सापडेना. अभ्यासात नाही, वॉर्डातल्या कामात नाही, गळतीत नाही, मानसन्मानात नाही. डॉक्टरांच्या एका मोठ्या नियतकालिकात १९८७ साली हे रीतसर छापून आलं. मुलाखतकारांनी जो बारकावा हेरला होता, पारख केली होती, ‘या मुलात काहीतरी आहे’ म्हणून माना डोलावल्या होत्या, त्या सगळ्याची किंमत शून्य.

मग मुलाखती बंद झाल्या असतील, असं वाटलं ना तुम्हाला? भाबडे आहात.

लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या कॉलेजनं आणखी पुढची मजल मारली. हजारो अर्ज चाळून कंटाळलेल्या एका प्राध्यापकानं ७०च्या दशकाच्या अखेरीस त्यासाठी संगणकप्रणाली लिहिली. माणसांनी आधी जशी निवड केली होती तशीच यंत्रानं करायची. यंत्र हुशार निघालं. निवड समितीच्या मताशी त्याचं मत शंभरातल्या नव्वदहून जास्त वेळा जुळलं. सगळे खूश.

तेही शिकलं होतं तेच, जे माणसं करत होती. बाई असली की थोडे गुण वजा. नाव युरोपीय वाटलं नाही की बरेच गुण वजा. दरवर्षी साठेक जणांना मुलाखतीचं बोलावणं आलं नाही ते केवळ नावामुळे किंवा बाई म्हणून. १९८८ साली ब्रिटनच्या वंशसमानता आयोगानं कॉलेजला दोषी धरलं. खरी गोम पुढे आहे. लंडनमधल्या इतर बऱ्याच वैद्यकीय कॉलेजांत गोरे नसलेले विद्यार्थी सेंट जॉर्जेसपेक्षा कमी होते. पण तिथली माणसं तोंडानं पारख करत होती. सेंट जॉर्जेसनं ती लिहून ठेवली.

लिहून ठेवणारा सापडतो. शहाणी समिती चहाबरोबर ठरवते.

‘योग्य उमेदवार’ हा शब्दप्रयोग पूर्वी तर फारच सोयीचा होता. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत उतरल्या, न्यू जर्सीतल्या रोझेल गावी राहिल्या आणि फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. महिलांचं वेगळं कॉलेज का? कारण बाकीच्या बहुतेक कॉलेजांच्या मते एकही बाई योग्य नव्हती. हार्वर्डच्या वैद्यकीय कॉलेजला पहिली योग्य बाई सापडायला १९४५ साल उजाडलं. एवढं दुसरं महायुद्ध सुरू झालं, संपलं, मग बाई सापडली.

पत्र लिहिणारी मुलगी १८ वर्षांची. तिनं काय लिहिलं? पायजमा जळाला नव्हता. आजोबा नव्हते. आप्तेष्ट आणि जात अशा सगळ्यांचा विरोध पत्करून इथवर आले आहे, माझ्या देशातल्या बायका मरण पत्करतात पण पुरुष डॉक्टरकडून उपचार घेत नाहीत, त्यांच्यासाठी शिकायचं आहे, असा त्या पत्राचा आशय. स्वतःचं कौतुक कमी, पेशंटची अडचण जास्त. आजचे अर्ज बघा, पाच हजार अक्षरांत ‘मी’ पन्नासदा येतो. पेशंट येतो तो ‘मी’ला काहीतरी शिकवून मरायला.

आनंदीबाई १८८६च्या मार्चमध्ये डॉक्टर झाल्या, पुढच्या फेब्रुवारीत गेल्या. त्यांच्या नावानं आता आपल्याकडे पुरस्कार, मालिका, चित्रपट सगळं आहे. त्या ज्या बायकांबद्दल लिहीत होत्या त्यांच्यासाठी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे का, हे मात्र विचारू नका. पद मंजूर आहे.

आणि पैसा देऊन लायकी वाढते का? कधी कधी वाढते, पण कॉलेजची. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय कॉलेज पैशावाचून अडलं होतं. मेरी गॅरेट नावाच्या श्रीमंत बाईंनी तीन लाख डॉलरहून जास्त रक्कम दिली आणि अटी घातल्या. बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं प्रवेश द्यायचा. येणाऱ्याकडे आधीची पदवी हवी, फ्रेंच-जर्मन वाचता आलं पाहिजे. १८९३ साली कॉलेज उघडलं ते या अटींवर. अटी इतक्या कडक की तिथले थोर प्राध्यापक विल्यम ऑस्लर सहकाऱ्याला गमतीनं म्हणाले म्हणे, आपण प्राध्यापक म्हणून आत आलो हे नशीब, विद्यार्थी म्हणून कोणी घेतलं नसतं.

देणगीच ती. आपल्याकडेही देतात. फक्त आपल्याकडे देणगीनं अट वितळते.

कॅपिटेशन फी घ्यायला महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे. त्यामुळे ती कोणी घेत नाही. संस्थेच्या विकासाला लोक आपणहून हातभार लावतात. विकासही बघा कसा, संस्थेचा कमी आणि संस्थापकांचा जास्त.

परदेशस्थ भारतीयांच्या कोट्याची तऱ्हा तर आणखी भारी. तिथं उमेदवाराची योग्यता म्हणजे दुबईतला मामा. २०२४ साली पंजाब सरकारनं हा कोटा काका, मामा, आत्या, आजी-आजोबा, चुलत-मावस भावंडं इथपर्यंत ताणला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं ही उघड फसवणूक आणि पैसे छापायचं यंत्र असल्याचं सुनावलं. बाकी जगात आजोबा आजारी पडून नातवाला सीट मिळवून देतात. आपले आजोबा परदेशी राहून देतात. तब्येतीला हेच बरं.

हे सगळं साफ करायलाच तर नीट आली. आधी प्रत्येक राज्याची वेगळी परीक्षा, खासगी कॉलेजांच्या वेगळ्या, अभिमत विद्यापीठांच्या आणखी वेगळ्या. पोरं मे महिनाभर स्टेशनवर. एक देश, एक पेपर, एक यादी. वशिला नाही, मुलाखत नाही, मामा नाही. कल्पनेत खोट काढायला जागा नव्हती.

जागा २०२४ साली सापडली. निकाल १४ जूनला लागायचा, तो लागला ४ जूनला, नेमका लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी. देश खासदार मोजत होता, तेवढ्यात पोरांनी टॉपर मोजले. ७२०पैकी ७२०, एक-दोन नाही, ६७ जण. काहींना ७१८, ७१९. आता बरोबरला चार आणि चुकीला उणे एक या हिशेबात एक प्रश्न सोडला तर ७१६, चुकला तर ७१५. ७१८ येतात कुठून? हे गणित परीक्षा घेणाऱ्यांना पडलं नाही, अकरावीतल्या पोरांना पडलं. वाया गेलेल्या वेळेपोटी १,५६३ जणांना वाढीव गुण दिले होते, असं मग कळलं. ते रद्द झाले, त्यांची फेरपरीक्षा ठेवली. अणूवरच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर धरली होती, तीही न्यायालयात गेली. दिल्लीच्या आयआयटीतल्या तज्ज्ञांनी सांगितलं, उत्तर एकच बरोबर. सुधारित यादीत ६७चे १७ उरले.

५० टॉपर विरले, बरेचसे अणूत. पेपरफुटीच्या तपासाचे धागे बिहार, झारखंड फिरत आपल्या लातूरपर्यंत आले ते वेगळंच. लातूर पॅटर्नचा अभिमान असलेल्या जिल्ह्याला दुसराच पॅटर्न बघायला मिळाला.

आता मुद्द्याचं बोलू. २०२५ साली नीटला २२ लाखांहून जास्त पोरं बसली. १२ लाखांहून जास्त पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास. पात्र कोण? खुल्या गटात ५० पर्सेंटाइल. पालकांना वाटतं ५० टक्के. छे! अर्धी पोरं मागे असली की झालं. त्या वर्षी ते गुण होते १४४. ७२०पैकी १४४, म्हणजे २० टक्के. या गुणांवर सरकारी सीट स्वप्नातही मिळत नाही. पण कागदावर तुम्ही डॉक्टर व्हायला पात्र. १४४ गुणांच्या आणि पांढऱ्या कोटाच्या मध्ये आता एकच विषय राहतो. अर्थशास्त्र.

ते वडिलांनी सोडवायचं असतं.

पुढे पदव्युत्तरला तर कमालच. तिथं चुकीच्या उत्तरांचे गुण वजा होऊन बेरीज शून्याच्या खालीही जाते. २०२३ साली जागा रिकाम्या राहतात म्हणून पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली. ८००पैकी उणे ४० गुणवालाही पात्र. म्हणजे परीक्षेला न बसलेला माणूस बसलेल्यापेक्षा ४० गुणांनी हुशार, पण तो अपात्र. कारण तो बसला नाही.

आता सांगा, योग्यता म्हणजे नक्की काय? सव्वा लाख जागांना बावीस लाख उभे राहिले की एकेका गुणासाठी जीव जातो. जागा रिकाम्या राहिल्या की उणे ४० चालतात. परीक्षा वेगवेगळ्या, पण लायकीची व्याख्या बदलते ती एकाच कारणानं. रिकाम्या बाकांचा आकडा बदलतो. आम्ही योग्य मुलं निवडतो, असं म्हणायला बरं वाटतं. खरं काम असतं बाकीच्यांना नाही म्हणायचं, आणि ‘जागा नाहीत’ हे सांगण्यापेक्षा ‘तू कमी पडलास’ हे सांगणं सरकारला स्वस्त पडतं. एका कॉलेजला शेकडो कोटी लागतात. कमी पडल्याची भावना फुकट.

हॉलंडवाले यात प्रामाणिक. १९७२पासून कित्येक वर्षं तिथं वैद्यकीय प्रवेशाला चक्क सोडत होती. मार्क जास्त तर संधी जास्त, पण शेवटी नशीब. १९९६च्या सुमारास एका मुलीला शाळेत १०पैकी ९.६ची सरासरी असूनही तीनदा चिठ्ठी लागली नाही. देशभर गदारोळ झाला. मग वरच्या गुणवाल्यांना थेट प्रवेश मिळाला. पुढे २०१७ साली सोडतच बंद केली, निवड कॉलेजांवर सोपवली. कॉलेजांनी निबंध, मुलाखती, चाचण्या सुरू केल्या. सुशिक्षित घरातली पोरं पुढे, बाकीची मागे, असं दिसायला लागलं. २०२३पासून कॉलेजांना पुन्हा सोडतीची मुभा.

चिठ्ठी निघाली नाही तर तिथलं पोरगं म्हणतं, नशीब. आपलं पोरगं म्हणतं, मी नालायक. मग ड्रॉप घेतं. एक वर्ष, दोन वर्षं. खोलीचं भाडं, मेसचं जेवण, रविवारची टेस्ट सिरीज. क्लासचं गाव असलेल्या कोटा शहरात त्या खोलीतला पंखा स्प्रिंगचा का असतो, हे पालकांना माहीत असतं. तरी पाठवतात.

म्हाडाची सोडत चालते आपल्याला. घरासाठी. पण डॉक्टरसाठी सोडत म्हटलं की ‘अहो, गुणवत्तेचं काय?’ असा आवाज येतो. बहुतेक वेळा तो मॅनेजमेंट कोट्यातून आलेला असतो.

आणि सगळी उलटतपासणी त्या सतरा वर्षांच्या पोराचीच का? तू लायक आहेस का, तुझ्यात सेवाभाव आहे का, तू ताण सहन करशील का? मान्य, विचारा. पण ज्या कॉलेजात तो जाणार, त्याला कोणी विचारलं?

२०२५च्या जूनअखेरीस सीबीआयनं वैद्यकीय कॉलेजांच्या मान्यतेवरून एक गुन्हा नोंदवला. आरोपींत डॉक्टर, अधिकारी, संस्थाचालक, दलाल. आरोप असे की, तपासणीला कोण आणि कधी येणार हे कॉलेजांना आधी कळायचं, पैसे पोचायचे, मग तपासणीपुरते प्राध्यापक उभे राहायचे, खाटांवर पेशंट झोपायचे. हजेरीसाठी खोटी बोटंसुद्धा तयार केल्याचा आरोप आहे. मुलांना शरीररचना शिकवायला प्राध्यापक नाही, पण प्राध्यापकाचं बोट आहे. अनॅटॉमीची एवढी तयारी असलेलं कॉलेज अपात्र कसं म्हणायचं?

तपासणीच्या दिवशी भाड्यानं झोपलेल्या त्या पेशंटचं मला कौतुक वाटतं. आजार नाही, औषध नाही, दोनशे-तीनशे रुपये आणि जेवण. आपल्या आरोग्यव्यवस्थेत समाधानानं घरी गेलेला एवढाच पेशंट असेल.

तेव्हा यंदा उलटं करून बघा. मुलांना राहू द्या, नीटनं त्यांचा पुरेसा घाम काढलाय. संस्थाचालकांना हॉलमध्ये बसवा, बेल्ट आणि बूट काढून, बाह्या अर्ध्या करून, पाण्याची बाटली पारदर्शक. प्रश्न एकच द्या. विद्यार्थ्याच्या आयुष्याची साडेपाच वर्षं आणि बापाची जमीन घ्यायला तुमचं कॉलेज कसं योग्य आहे? ४,००० अक्षरांत लिहा. वाक्य उचललेलं सापडलं तर मान्यता रद्द.

चुकीच्या उत्तराला गुण वजा करू नका मात्र. उणे ४०ला पात्र ठरतील.